मध्ययुगीन इंग्रजी काव्य ऐकताना : ऑडिओबुकची निवड, श्रवणाची पद्धत आणि श्रोत्यांचे हक्क

मध्ययुगीन इंग्रजी काव्याची ऑडिओबुके आता मोबाइलवर सहज मिळू लागली असली, तरी ती घेणाऱ्या श्रोत्यांचा गोंधळ पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी होतो. ‘कँटरबरी टेल्स’ या एकाच नावाखाली कधी सहाशे वर्षांपूर्वीची भाषा ऐकू येते, कधी विसाव्या शतकातील पद्यानुवाद, तर कधी साध्या गद्यात सांगितलेल्या गोष्टी. तिन्ही मुखपृष्ठांवर ठळक नाव मात्र जेफ्री चॉसर यांचेच असते. परीक्षेसाठी मूळ संहिता हवी असलेल्या विद्यार्थ्याच्या पदरी गद्य रूपांतर पडते आणि निव्वळ कथेच्या ओढीने आलेला श्रोता अनोळखी उच्चार ऐकून पहिल्या दहा मिनिटांतच पुस्तक बंद करतो. हा गोंधळ टाळायचा असेल, तर खरेदीपूर्वी भाषा कोणती, अनुवाद कोणाचा आणि ध्वनिमुद्रण पूर्ण की संक्षिप्त, या तीन गोष्टी निश्चित कराव्या लागतात. आणि त्यानंतरही छापील किंवा संगणकीय संहिता समोर ठेवल्याखेरीज या काव्याचे श्रवण क्वचितच फळते.

आधी भाषा ओळखावी

‘मध्ययुगीन इंग्रजी’ या शब्दप्रयोगात दोन अगदी वेगळ्या भाषावस्था सामावलेल्या आहेत. साधारणपणे इ.स. 1100 पर्यंतच्या भाषेला प्राचीन इंग्रजी म्हणतात आणि तेथून 1500 पर्यंतच्या भाषेला मध्य इंग्रजी. या दोहोंच्या मध्ये 1066 चा नॉर्मन विजय आहे, ज्यामुळे फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली आणि इंग्रजीचा शब्दसंग्रह मुळापासून ढवळून निघाला. ‘बेओवुल्फ’ हे 3182 ओळींचे वीरकाव्य प्राचीन इंग्रजीत आहे. ते इ.स. 1000 च्या आसपासच्या एकाच हस्तलिखितात टिकले आहे आणि 1731 च्या आगीत त्या हस्तलिखिताच्या कडा जळाल्या. आजचे इंग्रजी कितीही चांगले येत असले, तरी ही भाषा स्वतंत्र अभ्यासावाचून ऐकून समजत नाही. त्यामुळे मूळ ‘बेओवुल्फ’चे ध्वनिमुद्रण अर्थासाठी नव्हे, तर नादासाठी घ्यावे.

मध्य इंग्रजीची गोष्ट वेगळी आहे, पण तीही एकसारखी नाही. इ.स. 1400 मध्ये निधन पावलेल्या चॉसर यांनी लंडनच्या बोलीत लिहिले आणि आजची प्रमाण इंग्रजी पुष्कळशी त्याच परिसरातील भाषेतून घडली, म्हणून थोड्या सरावाने त्यांचे काव्य कानाला उलगडू लागते. त्याच चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या वायव्य-मध्य भागातील एका अनाम कवीने रचलेले ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ मात्र बोलीभेदामुळे आणि उत्तरेकडील शब्दसंग्रहामुळे कितीतरी अवघड वाटते. काळ एक म्हणून काठिण्य एक, असे गृहीत धरून चॉसरनंतर लगेच मूळ ‘गवेन’ घेणाऱ्यांची निराशा होते. तेथे आधी अनुवाद आणि मग मूळ, हाच क्रम योग्य आहे.

उपलब्ध ध्वनिमुद्रणांचे प्रकार

- मूळ भाषेतील अभिवाचन. यात संशोधकांनी पुनर्रचित केलेल्या मध्ययुगीन उच्चारांनुसार संहिता वाचलेली असते. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी निगडित ‘चॉसर स्टुडिओ’ने अशी अनेक ध्वनिमुद्रणे अभ्यासकांसाठी केली आहेत. बेंजामिन बॅग्बी हे कलावंत ‘बेओवुल्फ’चा पहिला भाग लहानशा तंतुवाद्याच्या साथीने मूळ भाषेत गाऊन सादर करतात आणि त्याचे दृक्‌मुद्रणही उपलब्ध आहे. विद्यार्थी, शिक्षक आणि छंदाची ओढ असलेल्यांसाठी हा प्रकार आहे.
- आधुनिक पद्यानुवाद. शेमस हीनी यांचा ‘बेओवुल्फ’ (1999), सायमन आर्मिटेज यांचा ‘गवेन’ (2007), नेव्हिल कॉगहिल यांचा ‘कँटरबरी टेल्स’ (1951) ही या प्रकारातील ठळक नावे. भाषा आजची असली, तरी ओळीचा ठेका काही अंशी राखलेला असतो. बहुतेक श्रोत्यांनी सुरुवात येथून करावी.
- गद्यानुवाद आणि पुनर्कथन. जे. आर. आर. टोल्किन यांचा 2014 मध्ये मरणोत्तर प्रकाशित झालेला ‘बेओवुल्फ’ गद्यात आहे, पण तो मुळाशी जवळीक राखणारा विद्वत्तापूर्ण अनुवाद आहे. पीटर ॲक्रॉइड यांचे ‘कँटरबरी टेल्स’ (2009) मात्र मोकळे पुनर्कथन आहे. कथा समजून घेण्यासाठी दोन्ही चालतील. परीक्षेतील काव्यविषयक प्रश्नासाठी यांपैकी एकही पुरेसे नाही.

एकाच ऑडिओबुकमध्ये दोन प्रकारही एकत्र असू शकतात. काही आवृत्त्यांत आधी अनुवाद आणि त्यापाठोपाठ मूळ संहितेचे वाचन असते. अशा वेळी पुस्तकाची लांबी दुप्पट दिसते आणि अर्धे पुस्तक झाल्यावर भाषा अचानक बदलल्याने श्रोता गोंधळतो. वर्णनातील मजकूर शेवटपर्यंत वाचल्यास हे आधीच कळते.

काय ऐकावे : ठेका, यती आणि लोपलेले स्वर

या काव्याच्या छंदाविषयी जेवढे माहीत असल्यावाचून ऑडिओबुकची पारख करता येत नाही, तेवढेच येथे सांगितले आहे. ‘बेओवुल्फ’ आणि ‘गवेन’ ही अनुप्रासबद्ध काव्ये आहेत, म्हणजे त्यांतील ओळी अंत्ययमकाने नव्हे, तर आघातयुक्त अक्षरांच्या आरंभी येणाऱ्या समान ध्वनींनी बांधलेल्या असतात. प्रत्येक ओळीचे दोन खंड पडतात, मध्ये यती, म्हणजे क्षणभराचा विराम, असतो आणि सामान्यतः चार मुख्य आघातांपैकी दोन किंवा तीन आघात एकाच ध्वनीने सुरू होतात. ‘गवेन’मध्ये प्रत्येक कडव्याच्या अखेरीस पाच आखूड यमकबद्ध ओळी येतात, त्यांतली पहिली तर बहुधा दोनच अक्षरांची असते, लांब ओळींचा ओघ तेथे एकदम आवळला जातो. चांगल्या अभिवाचकाच्या आवाजात हा बदल स्पष्ट जाणवतो आणि तो जाणवत नसेल, तर ते ध्वनिमुद्रण घेऊ नये.

चॉसर यांचा छंद निराळा आहे. ‘कँटरबरी टेल्स’चा मोठा भाग दहा अक्षरांच्या, पाच आघातांच्या यमकबद्ध द्विपदींत आहे आणि या छंदाचा प्राण शब्दांच्या शेवटी लिहिल्या जाणाऱ्या ‘ई’ या अक्षरात आहे. आजच्या इंग्रजीत ते मुके असते. चॉसर यांच्या पद्यात मात्र पुढे स्वर नसल्यास ते बहुतेक ठिकाणी हलक्या ‘अ’सारखे उच्चारले जाते. अभिवाचकाने मूळ संहिता आजच्या उच्चारांत वाचली, तर हे अक्षर गळते, ओळ नऊ किंवा आठ अक्षरांवर येते आणि छंद लंगडा होतो. चॉसर यांचा छंद ओबडधोबड आहे, अशी समजूत नंतरची काही शतके प्रचलित होती, तिचे एक मोठे कारण हा अंत्य स्वर विस्मरणात गेला हेच होते.

दुसरी बाब दीर्घ स्वरांची. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार क्रमाने बदलत गेले. भाषाशास्त्रात याला ‘महास्वरपरिवर्तन’ म्हणतात. चॉसर यांच्या काळी आजच्या ‘नेम’चा उच्चार ‘नाम’ आणि शेवटी हलका ‘अ’ असा होत असे, ‘हाउस’चा ‘हूस’, ‘वाइफ’चा ‘वीफ’, तर ‘नाइट’ या शब्दातील आज मुकी असलेली व्यंजनेही उच्चारली जाऊन तो ‘क्निख्त’च्या जवळपास ऐकू येई. मराठीभाषक श्रोत्यांना येथे एक खरा लाभ आहे : आ, ई, ऊ हे शुद्ध स्वर आणि प्रत्येक ठिकाणी स्पष्ट उच्चारला जाणारा ‘र’ त्यांच्या जिभेवर आधीपासूनच असतात, आणि शाळेत कष्टाने शिकलेले आधुनिक इंग्रजी उच्चार तेवढे बाजूला ठेवले, तर चॉसर यांची ओळ मोठ्याने वाचणे अपेक्षेहून सोपे जाते. या लाभाचा उपयोग विद्यार्थ्यांनी जरूर करून घ्यावा.

खरेदीपूर्वीची तपासणी

पहिली तपासणी अनुवादकाच्या नावाची. मूळ कवीच्या नावाखाली अनुवादकाचे नावच दिलेले नसेल, तर ते बहुधा स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या अनुवादाचे ध्वनिमुद्रण असते. जुना अनुवाद म्हणजे वाईट अनुवाद नव्हे, पण त्याची भाषा मुद्दाम जुनाट वळणाची असते आणि कानाने अर्थ लावताना ती दुहेरी अडचण होऊन बसते.

दुसरी तपासणी लांबीची, आणि ती सर्वांत उपयुक्त आहे. पद्याचे सावकाश अभिवाचन मिनिटाला साधारण 15 ते 20 ओळी या गतीने होते. त्यावरून ‘बेओवुल्फ’च्या 3182 ओळींना सुमारे पावणेतीन ते साडेतीन तास, ‘गवेन’च्या 2530 ओळींना दोन ते पावणेतीन तास आणि चॉसर यांच्याच ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या आठ हजारांहून अधिक ओळींच्या काव्याला सात ते नऊ तास लागतात. ‘कँटरबरी टेल्स’मध्ये सुमारे 17,000 ओळी असून ‘मेलिबी’ आणि ‘पार्सन’ या दोन लांबलचक गद्यकथा वेगळ्या आहेत. तेव्हा सात-आठ तासांचे ध्वनिमुद्रण पूर्ण असूच शकत नाही. हीनी यांनी स्वतःच्या आवाजात वाचलेला ‘बेओवुल्फ’ही संक्षिप्त आहे. तो तरीही ऐकावा, कारण कवीने आपलाच अनुवाद आपल्या बोलीच्या वळणाने वाचण्याचे मोल वेगळे आहे. फक्त संपूर्ण काव्य ऐकल्याच्या समजुतीत राहू नये.

तिसरी तपासणी नमुन्याची. दुकानात ऐकवला जाणारा नमुना पुष्कळदा संपादकाच्या प्रस्तावनेचा असतो आणि त्यावरून पद्य कसे वाचले आहे हे कळत नाही. अशा वेळी त्याच अभिवाचकाचे दुसरे एखादे पद्यवाचन शोधून ऐकावे. नमुन्यात पद्य असल्यास ओळ कोठे संपते हे कानाला कळते का, यती पाळली आहे का आणि पात्रांचे आवाज बदलण्याच्या भरात ठेका हरवला आहे का, एवढे पाहणे पुरेसे आहे. संगणकनिर्मित आवाजातील मूळ मध्य इंग्रजी संहिता घेऊ नये. अशा प्रणाली जुन्या वर्णलेखनाला आजच्या उच्चारांत ओढून नेतात आणि शिकणाऱ्याच्या कानावर चुकीचे संस्कार होतात.

प्रकरणांची नावेही पाहावीत. ‘कँटरबरी टेल्स’मध्ये प्रत्येक कथेचे नाव सूचीत दिलेले नसून नुसते ‘प्रकरण 14’ असे असेल, तर अभ्यासक्रमातील नेमकी कथा शोधण्यात वेळ जातो. काही कथा उघड शृंगारिक आहेत, ‘प्रायोरेस’च्या कथेत ज्यूद्वेष आहे, लहान मुलांसोबत किंवा वर्गात ऐकवण्यापूर्वी शिक्षकांनी आणि पालकांनी त्या स्वतः ऐकून घ्याव्यात.

ऐकण्याची पद्धत

मराठी श्रोत्यांना जुनी पद्ये कानाने ग्रहण करण्याची परंपरा परकी नाही. चॉसर यांच्या सुमारे शतकभर आधी, 1290 मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी आजही पोथी समोर ठेवून, ओवी ऐकून आणि निरूपणातून अर्थ लावत ऐकली जाते. मध्ययुगीन इंग्रजी काव्यालाही हीच रीत मानवते, कारण ते बहुतांशी समूहात मोठ्याने वाचले जाण्यासाठीच रचलेले होते.

1. प्रथम कथेचा सारांश वाचून घ्यावा. मध्ययुगीन श्रोत्यांना कथानक पुष्कळदा आधीच परिचित असे, त्यामुळे उत्कंठा हरपेल ही भीती येथे गैरलागू आहे.
2. आधुनिक पद्यानुवाद एका बैठकीत एक खंड, या प्रमाणात ऐकावा. ‘गवेन’चे चार भाग आणि ‘बेओवुल्फ’च्या हस्तलिखितातील क्रमांकित खंड हे थांबण्याचे स्वाभाविक टप्पे आहेत.
3. त्यानंतर त्याच खंडाचे मूळ भाषेतील वाचन, संहितेवर बोट ठेवून ऐकावे. एका वेळी 30 ते 40 ओळी पुरेत.
4. तोच उतारा ध्वनिमुद्रणाबरोबर मोठ्याने वाचावा आणि मगच शब्दकोश उघडावा.

यासाठी लागणारी साधने विनामूल्य आहेत. हार्वर्ड विद्यापीठाच्या चॉसरविषयक संकेतस्थळावर ‘कँटरबरी टेल्स’ची मूळ संहिता ओळीखाली ओळ अशा अनुवादासह दिलेली आहे आणि उच्चारांचे धडेही आहेत. मिशिगन विद्यापीठाचा मध्य इंग्रजी कोश सर्वांना खुला आहे. रॉचेस्टर विद्यापीठाच्या मध्य इंग्रजी ग्रंथमालेत अनेक कमी परिचित काव्ये शब्दार्थांसह वाचता येतात. सास्कॅचेवान विद्यापीठाच्या पुढाकाराने 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपयोजनात ‘कँटरबरी टेल्स’च्या 858 ओळींच्या प्रास्ताविकाचे मूळ उच्चारांतील वाचन आणि संहिता एकत्र दिली आहे.

क्रमाविषयी स्पष्ट शिफारस करायची, तर आर्मिटेज यांच्या अनुवादातील ‘गवेन’ने आरंभ करावा. काव्य आटोपशीर आहे, कथा बांधेसूद आहे आणि अनुवादकाने अनुप्रास जिद्दीने राखला आहे. टोल्किन यांचा ‘गवेन’चा अनुवाद अधिक जुन्या वळणाचा असून तो टेरी जोन्स यांच्या आवाजात उपलब्ध आहे, मध्ययुगाचा व्यासंग असलेल्या या अभिनेत्याचे वाचन रसाळ आहे. त्यानंतर ‘कँटरबरी टेल्स’चे प्रास्ताविक आणि दोन-तीन कथा मूळ भाषेत, आणि मग ‘बेओवुल्फ’. विल्यम लँगलंड यांचे ‘पिअर्स प्लाउमन’ मात्र श्रवणासाठी अखेरीस ठेवावे, कारण ते तीन वेगवेगळ्या पाठांत आढळते, त्याचे कथानक स्वप्नामागून स्वप्न असे सरकते आणि ध्वनिमुद्रण व छापील आवृत्ती एकाच पाठाची आहे याची खात्री केल्याशिवाय ओळी जुळतच नाहीत.

हमखास होणाऱ्या चुका

सर्वांत घातक चूक ध्वनिवादकाच्या रचनेत असते. अनेक उपयोजनांत शांतता आपोआप कापण्याची सोय असते. भाषणे ऐकताना तिने वेळ वाचतो, पण अनुप्रासबद्ध काव्यात तीच सोय यती गिळून टाकते आणि ओळीचे दोन खंड एकमेकांवर आदळतात. ही सोय बंद असल्याची खात्री करावी. वेग वाढवू नये. मूळ भाषा ऐकताना तो थोडा कमी केला तरी चालतो. वाहन चालवताना किंवा झोपेची वेळ लावून अनुवाद ऐकण्यास हरकत नाही, मूळ संहिता मात्र अशा अर्धवट लक्षाने हाती लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे दोन ध्वनिमुद्रणांतील उच्चारभेद पाहून एक तरी चूक असले पाहिजे असे मानणे. मध्ययुगीन उच्चार यमके, वर्णलेखन आणि भाषेच्या नंतरच्या इतिहासावरून अनुमानाने पुनर्रचित केलेले आहेत आणि तपशिलांत अभ्यासकांचे मतभेद आहेत. सुरुवातीस एकच अभिवाचक निवडून त्याच्याशीच कान जुळवावा.

मोफत ध्वनिमुद्रणे आणि स्वामित्वहक्क

2005 पासून कार्यरत असलेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’ या उपक्रमात स्वयंसेवक सार्वजनिक मालकीची पुस्तके वाचतात आणि ती ध्वनिमुद्रणे कोणीही उतरवून घेऊ शकतो, वाटू शकतो. ‘बेओवुल्फ’चा फ्रान्सिस गमेरी यांचा अनुवाद तेथे ऐकता येतो. वाचनाचा दर्जा स्वयंसेवकागणिक बदलतो, म्हणून एकाच व्यक्तीने पूर्ण वाचलेली आवृत्ती निवडावी.

मूळ काव्ये कोणाच्याही मालकीची नाहीत, पण अनुवाद हे स्वतंत्र साहित्य असते आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा असतो. भारतीय कायद्यानुसार साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. हीनी यांचे निधन 2013 मध्ये झाले, त्यामुळे त्यांचा अनुवाद स्वतःच्या आवाजात वाचून परवानगीविना प्रसारित करता येणार नाही. मूळ संहिता वाचून तसे करण्यास मात्र पूर्ण मोकळीक आहे, फक्त आधुनिक संपादकाच्या टिपा व शब्दार्थ त्यात घेऊ नयेत. शिक्षण संस्थेत विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांपुरतेच श्रोते मर्यादित असतील, तर अध्यापनाच्या ओघात ध्वनिमुद्रण ऐकवण्यास कायद्यात सवलत आहे. तेच ध्वनिमुद्रण संस्थेच्या खुल्या संकेतस्थळावर ठेवणे त्या सवलतीत बसत नाही.

ग्राहकाचे आणि दृष्टिबाधित श्रोत्यांचे हक्क

ऑडिओबुक ‘विकत’ घेतले असे म्हटले, तरी बहुतेक सेवांच्या करारानुसार मिळतो तो केवळ ऐकण्याचा परवाना. मासिक वर्गणीच्या सेवांत हा फरक प्रत्यक्ष जाणवतो : स्वतंत्रपणे घेतलेली पुस्तके सामान्यतः वर्गणी थांबवल्यावरही खात्यात राहतात, वर्गणीत समाविष्ट असलेली पुस्तके मात्र वर्गणीबरोबर जातात. परीक्षेच्या वर्षभर लागणारे पुस्तक म्हणून स्वतंत्रपणेच घ्यावे. खात्यातून आपोआप होणाऱ्या वर्गणीच्या वजावटीपूर्वी किमान 24 तास आधी सूचना मिळणे आणि ती वजावट नाकारता येणे हा रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी दिलेला हक्क आहे. ‘संपूर्ण’ असे सांगून संक्षिप्त ध्वनिमुद्रण दिले गेल्यास प्रथम विक्रेत्याकडे लेखी तक्रार करून पैसे परत मागावेत आणि वर्णनाचे पडद्यावरील चित्र जपून ठेवावे. दाद न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहत असलेल्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडेही जाता येते.

दृष्टिबाधित आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या श्रोत्यांची स्थिती कायद्याने अधिक भक्कम आहे. स्वामित्वहक्क कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीनुसार कोणतीही प्रकाशित कृती अशा व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात रूपांतरित करता येते आणि त्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागत नाही, मात्र हे काम नफ्यासाठी केलेले नसावे. 2013 च्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश आहे, त्यामुळे अधिकृत संस्थांमार्फत परदेशातील सुगम प्रतीही मागवता येतात. अभ्यासक्रमातील अनुवादाचे ऑडिओबुक बाजारात मिळत नसेल, तर अशा विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाकडे किंवा ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाच्या सदस्य संस्थेकडे पुस्तकाचे नाव, अनुवादक आणि नेमकी आवृत्ती लिहून लेखी मागणी करावी. मूळ मध्य इंग्रजी संहिता हवी असल्यास ती संगणकीय आवाजात न देता उच्चार जाणणाऱ्या शिक्षकाकडून वाचून घ्यावी, असेही त्या अर्जात स्पष्टपणे नमूद करावे.